दोन पाख्यांचा सांधा
ग्वाल्हेर, गोमंतक आणि देवळांची शाकारणी

देवस्थानांच्या इतिहासात सनदांना, इनामांना आणि जीर्णोद्धारांना मानाचे स्थान असते. कोणत्या शके वर्षी कोणत्या सत्पुरुषाने सभामंडप बांधला, कोणी दीपस्तंभ उभारला, कोणी पालखी अर्पण केली, याच्या नोंदी महाजनांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या जपतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या छपराखाली हे सर्व वैभव शाबूत राहिले, त्या छपराचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. दरवर्षी मृगापूर्वी होणारी शाकारणी, चाळलेली कौले, बदललेले वासे, साफ केलेल्या पन्हळी यांचा उल्लेख फार तर जमाखर्चाच्या वहीत एका ओळीने येतो आणि वर्ष संपले की ती ओळही विस्मरणात जाते. वास्तविक देऊळ टिकते ते या एका ओळीवर. ग्वाल्हेर आणि गोमंतक या दोन दूरच्या स्थळांच्या वास्तूंकडे एकत्र पाहिले असता ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

या दोन स्थळांचा संबंध महाजन घराण्यांना अपरिचित नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखठणकर, म्हणजेच इतिहासात रामचंद्रबाबा शेणवी या नावाने ओळखले जाणारे मुत्सद्दी, हे मूळचे गोमंतकीय. श्री मंगेशाचे हे निष्ठावंत भक्त होते आणि त्यांच्या सूचनेवरून १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिला, असे देवस्थानच्या इतिहासात नोंदले आहे. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा बक्षी हे महादजी शिंद्यांचे सेनानी. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेची धुरा त्यांच्याकडे होती. रामचंद्रबाबांच्या काळी शिंद्यांचे मुख्य ठाणे उज्जैन होते. ग्वाल्हेरचा किल्ला महादजींनी १७८३ मध्ये घेतला आणि १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी जी छावणी कायम केली, तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. चंबळेच्या खोऱ्यात कर्तृत्व गाजवावे आणि त्या कर्तृत्वाचे फळ अंत्रुज महालातील कुलदेवतेच्या चरणी वाहावे, अशी ही परंपरा होती. शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांनी कवळ्याच्या श्री शांतादुर्गेच्या मंदिरासाठी केलेले प्रयत्न याच काळातील होत.

देणगी उत्तरेकडून आली, तरी देऊळ उभे राहिले ते दक्षिणेच्या पावसात. येथेच दोन प्रदेशांतील वास्तुविचारांचा फरक लक्षात घेतला पाहिजे.

ग्वाल्हेरास वर्षाकाठी पाऊस पडतो तो सुमारे ७५ ते ९० सेंटीमीटर, आणि त्यातील बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. पणजीस तोच पाऊस सुमारे ३०० सेंटीमीटर पडतो. मात्र ग्वाल्हेरचा पाऊस कमी, म्हणून तेथील छपरास त्रास कमी, असे मानणे चुकीचे ठरेल. मे महिन्यात तेथील उष्णता ४५ अंशांच्या घरात जाते, थंडीत ती पाच अंशांखाली उतरू शकते. या ओढाताणीत दगडाचे आणि चुन्याचे सांधे उकलतात आणि पहिल्या मोठ्या सरीत उकललेली जागा बरोबर उघडी पडते. शिवाय कमी पावसाच्या मुलखात मोठा पाऊस एकदम कोसळतो तेव्हा त्याची तयारी नसते. ऑगस्ट २०२१ च्या आरंभी शिवपुरी, श्योपूर, दतिया आणि ग्वाल्हेर या भागात असाच पाऊस झाला आणि सिंध नदीवरील पूल वाहून गेले. जेथे पूल टिकत नाहीत तेथे छपराचा उकललेला सांधा काय टिकणार?

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर या प्रश्नाची दोन प्राचीन उत्तरे आजही शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. पहिले तेलीमंदिर. आठव्या-नवव्या शतकातील हे देऊळ आपल्या माथ्यामुळे सर्वांहून वेगळे दिसते. त्याला नेहमीचे निमुळते शिखर नाही. हत्तीच्या पाठीसारखा लांबट, गोलसर माथा आहे. वास्तुशास्त्रात या प्रकाराला वलभी म्हणतात. छपराच्या दृष्टीने पाहिले तर ही रचना फार शहाणपणाची आहे. वर एकच आढे, दोन्ही अंगांना उतार, आणि दोन उतार आतल्या बाजूस एकमेकांना भेटून पाणी साठेल अशी जागाच माथ्यावर नाही. पडलेले पाणी या बाजूला नाही तर त्या बाजूला जाते.

दुसरे उदाहरण सासबहू मंदिराचे. पद्मनाभ विष्णूचे हे मोठे देऊळ कच्छपघात राजा महिपाल याच्या काळात संवत ११५०, म्हणजे १०९३ मध्ये पूर्ण झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. सहस्रबाहू या शब्दाचा सासबहू हा अपभ्रंश असावा, असे मानतात. येथे रचना अनेकांगी आहे: मंडपाचा पायरीपायरीने चढत गेलेला माथा, बाजूंना पुढे आलेली द्वारे, त्यांवरची लहान छपरे आणि मागे गाभाऱ्यावरचे शिखर. आज मंडप उभा आहे. शिखर मात्र राहिलेले नाही. ते कशाने गेले याविषयी येथे तर्क करण्याचे कारण नाही. परंतु वास्तूची अंगे जितकी वाढतात तितके त्यांच्यामधील सांधे वाढतात, आणि जितके सांधे तितकी पाण्याला आत येण्याची दारे, एवढे तरी या दोन देवळांची तुलना करता ध्यानात येते.

या वास्तू आपल्या काळापर्यंत पोचल्या त्या आपोआप नव्हेत. १८५८ ते १८८६ पर्यंत किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. त्या काळात लष्करी सोयीसाठी अनेक जुन्या इमारतींचा वाटेल तसा उपयोग झाला. तेलीमंदिरात तर सोडावॉटरचा कारखाना चालत होता. १८८१ मध्ये मेजर कीथ या अधिकाऱ्याकडे किल्ल्यावरील वास्तूंच्या दुरुस्तीचे काम आले आणि पुढील दोन-तीन वर्षांत तेथील प्रमुख देवळांची डागडुजी झाली. याच कीथच्या देखरेखीखाली ग्वाल्हेरच्या पाथरवटांनी कलकत्त्याच्या १८८३-८४ च्या प्रदर्शनासाठी एक भव्य दगडी कमान घडविली. ग्वाल्हेर दरवाजा या नावाने ती लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या कमानीची कीर्ती साता समुद्रापार गेली. देवळांच्या माथ्यांवर त्याच सुमारास झालेल्या डागडुजीची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. नवनिर्मितीचे कौतुक आणि निगराणीचे विस्मरण, हा मनुष्यस्वभाव देशोदेशी सारखाच म्हणावयाचा.

पुढे १९१३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि त्याची सूत्रे मोरेश्वर बळवंत गर्दे या मराठी विद्वानाकडे दिली. गुजरी महालातील संग्रहालय हे या खात्याचे सर्वपरिचित कार्य. गर्दे यांची ओळख अभ्यासकांना पवाया येथील उत्खननांमुळे आहे. परंतु खात्याच्या कामाचा मोठा भाग जुन्या वास्तूंच्या जतनाचा होता. १९२३ मध्ये सर जॉन मार्शल यांनी हिंदुस्थानातील पुरातत्त्व अधिकाऱ्यांसाठी जतनकार्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. सांध्यांत उगवणारी पिंपळाची रोपे वेळीच मुळासकट काढावीत आणि माथ्यावरचे पाणी मुरू न देता बाहेर काढून द्यावे, हा अशा जतनकार्याचा ओनामा आहे. वरवर क्षुल्लक भासणारी ही कामे एखाद्या दात्याच्या लहरीवर न सोडता नेमलेल्या खात्याने वर्षानुवर्षे करावयाची, हे त्या व्यवस्थेतील खरे नावीन्य होते.

किल्ल्याखाली लष्करात मराठी मंडळींनी जी वस्ती केली, तेथेही छपराचा प्रश्न होताच. देशावरची चौसोपी वाड्याची कल्पना ही मंडळी बरोबर घेऊन आली. मध्ये उघडा चौक आणि चारी बाजूंनी सोपे, अशा वाड्याची छपरे चौकाकडे उतरती केली तर चौकाच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन पाखे आत वळून भेटतात आणि चार खाचा तयार होतात. ग्वाल्हेरच्या परिसरात उत्तम वालुकाश्म मुबलक मिळतो. त्यामुळे दगडी फरश्यांचे सपाट धाबे आणि त्यावर चुन्याचा कोबा, ही पद्धत तेथे सोयीची ठरली. चुना, सुरखी, गूळ, बेलफळाचा गर असे पदार्थ कालवून केलेला कोबा धुमसाने अनेक दिवस ठोकीत असत. सपाट धाब्याने आतल्या खाचा टळल्या, पण सांधा टळला नाही. तो कठड्याच्या बुडाशी आणि पन्हळीच्या तोंडाशी गेला. १८७४ मध्ये मायकेल फिलोज याने बांधलेल्या जयविलास राजवाड्याच्या दरबार दालनात प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत, आणि ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याच्या बळकटीची परीक्षा घेतली, अशी कथा सांगतात. हत्तींकडून छताच्या बळकटीची परीक्षा होऊ शकते. सांध्याची परीक्षा घ्यावयास पाऊसच यावा लागतो.

आता गोमंतकाकडे वळावे. श्री मंगेशाचे स्थान १५६० मध्ये कुशस्थळीहून हलविले गेले. मूर्तिरक्षणाच्या त्या कठीण काळात अंत्रुज महालात आश्रयास आलेल्या दैवतांची आरंभीची देवळे साधी होती. अठराव्या शतकात सनदा आणि देणग्या मिळाल्यावर ती वाढू लागली. गर्भगृहापुढे चौक, चौकापुढे सभामंडप, बाजूंना अग्रशाळा, दारावर नगारखाना. ही वाढ एका दिवसाची नव्हे. एकेका पिढीने, एकेका घराण्याने यथाशक्ती भर घातली. तेलीमंदिरासारखे एकच आढे येथे शक्य नव्हते. प्रत्येक नव्या अंगाबरोबर एक नवे छप्पर आले, ते जुन्या छपरास टेकले आणि दोन पाख्यांच्या मध्ये आत वळलेली एक खाच निर्माण झाली. आज ज्याला महाजन मंडळी देवळाचे वैभव म्हणून अभिमानाने पाहतात, त्या लाल कौलांच्या पसरलेल्या छपरांत अशा खाचा ठिकठिकाणी आहेत, आणि मोठ्या पावसात देऊळ गळते ते बहुधा तेथेच.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. साध्या पाख्यावर जे पाणी पडते ते सर्व रुंदीभर पसरून पागोळ्यांवाटे खाली येते. खाचेत मात्र दोन पाख्यांचे पाणी एका अरुंद वाटेत लोटले जाते. दोन पाख्यांचे मिळून १०० चौरस मीटर क्षेत्र धरले आणि तासाला पाच सेंटीमीटर पाऊस पडला, तर त्या एका खाचेतून तासाभरात ५००० लिटर पाणी वाहते. म्हणजे मिनिटाला ८० लिटरहून अधिक. त्यात आणखी एक अडचण अशी की खाचेचा उतार पाख्यांच्या उतारापेक्षा नेहमीच कमी असतो. काटकोनात मिळणारे दोन्ही पाखे ३० अंशांचे असतील तर त्यांच्यामधील खाच जेमतेम २२ अंशांची होते. पाणी सर्वात अधिक आणि उतार सर्वात कमी, अशी ही जागा. तेथेच पिंपळाची व आंब्याची पाने, फुटक्या कौलांचे तुकडे आणि शेवाळ येऊन साचतात. पाणी तुंबते, बाजूच्या कौलांखाली चढते आणि आतील कोनवाशावर उतरते. कोनवासा म्हणजे त्या खाचेखालचा मुख्य आधार. तो कुजू लागला की दोन्ही पाख्यांचे वासे एकदम सैल होतात.

पूर्वी नळीची कौले असताना शाकारणी ही वार्षिक सक्तीच होती. माकडे, वारा आणि मांजरे यांनी हललेली कौले दरवर्षी उतरवून पुन्हा बसवावी लागत, आणि त्या निमित्ताने प्रत्येक खाच डोळ्यांखालून जाई. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी सपाट कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. मंगळुरी कौले अधिक टिकाऊ खरी. त्यांच्यामुळे छप्पर दरवर्षी उतरविण्याची गरज उरली नाही. पण त्याबरोबर दरवर्षी वर चढून पाहण्याची सवयही मागे पडली. खाचेत जस्ताचा पत्रा बसला, तो दिसेनासा झाला, आणि गंजेपर्यंत त्याची आठवण कोणास राहिली नाही.

भर पावसात देऊळ गळू लागले असता काय करावे, याविषयी जुन्या जाणत्या सुतारांचे म्हणणे थोडक्यात असे. ओल्या कौलांवर माणूस चढवू नये; पाय घसरतो आणि एका गळतीच्या ठिकाणी दहा कौले फुटतात. प्रथम आतून पाहावे. थेंब जेथे पडतो तेथेच भोक असते असे नाही; पाणी वाशावरून हात-दोन हात, कधी त्याहूनही दूर वाहत येते. म्हणून दिवा घेऊन ओली रेघ वरच्या दिशेने शोधीत जावे आणि जेथे ती सुरू होते तेथे वाशावर खूण करावी. थेंबाच्या जागी सुतळी बांधून तिचे टोक घागरीत सोडले म्हणजे पाणी सुतळीवरून उतरते आणि मूर्ती, पालखी, भिंतीवरची चित्रे वाचतात. खाचेचे खालचे तोंड शिडीवरून, लांब बांबूने मोकळे करावे. पुष्कळदा तेवढ्यानेच तुंबलेले पाणी निघून जाते आणि गळती थांबते. आच्छादन टाकणे भाग पडले तर त्याचे वरचे टोक आढ्यापलीकडे जाऊन बांधले गेले पाहिजे, नाहीतर पाणी त्याच्याखाली शिरून दुप्पट त्रास होतो. ओल्या जागेवर डांबर वा सिमेंट थापण्याचा मोह टाळावा. ओल्यावर डांबर धरत नाही. आणि खाच सिमेंटने भरली तर पाण्याची वाटच अडते व उन्हाळ्यात ते सिमेंट तडकून नवी फट पडते.

खरी दुरुस्ती उन्हातच व्हावयाची. तेव्हा पावसात केलेल्या खुणेचे मोल कळते, कारण कोरड्या छपराला गळती विचारता येत नाही. खाचेच्या दोन्ही अंगांची कौले उतरवावीत, कोनवासा टोचून पाहावा, किडका असल्यास बदलावा. नवा पत्रा दोन्ही बाजूंस कौलांखाली वीतभर तरी गेला पाहिजे आणि त्याच्या कडा वर वळविलेल्या असाव्यात. तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्यावर निदान सहा इंच चढावा, आणि खिळा मधोमध कधीही मारू नये. कौलांच्या कडा सरळ रेषेत कापून मध्ये चार ते सहा इंच वाट उघडी ठेवावी. शेवटी खालून वर, टप्प्याटप्प्याने पाणी ओतून परीक्षा घ्यावी. यात कोणतेही गूढ शास्त्र नाही. वेळेवर करणे एवढेच काय ते कठीण.

आणि येथे प्रश्न सुताराचा न राहता महाजनांचा होतो. सभामंडप एका घराण्याच्या देणगीचा, अग्रशाळा दुसऱ्या घराण्याच्या देणगीची. दोन्हींवर दात्यांची नावे कोरलेली. पण दोहोंच्या मधली खाच कोणाची? मंडप बांधणाऱ्याने ती आपली मानली नाही, अग्रशाळा बांधणाऱ्यानेही नाही. देणगीपत्रात इमारतीचा उल्लेख असतो, सांध्याचा नसतो. परिणामी प्रत्येक औदार्याबरोबर देवस्थानावर एक अबोल जबाबदारी येऊन पडते, आणि तिला स्वतंत्र निधी नसतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर हीच उणीव अखेर एका खात्याने भरून काढली. गोमंतकात त्यासाठी निराळे खाते शोधावयास नको. महाजनांची संस्था हीच ती व्यवस्था आहे. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांचे अधिकार आणि देवस्थानांच्या कारभाराची चौकट निश्चित केली. त्या चौकटीत सर्वांच्या मालकीचे जे आहे त्याची काळजी सर्वांच्या वतीने घेणे, हाच समितीच्या अस्तित्वाचा अर्थ होय.

म्हणून नवीन बांधकामाची देणगी स्वीकारताना त्याबरोबर उत्पन्न होणाऱ्या सांध्याचा खर्चही त्याच ठरावात मांडला जावा; शाकारणीची वेगळी वही असावी; तीत कोणत्या खाचेचा पत्रा कोणत्या वर्षी बदलला आणि कोणत्या पावसात कोठे गळले याची नोंद राहावी. समित्या बदलतात, जुने सुतार कालवश होतात, वहीतली खूण मात्र पुढच्या पिढीस सापडते.

रामचंद्रबाबांसारख्या पुरुषांनी दूर उत्तरेत राहून देवाच्या नावे गाव मिळवून दिला, त्याची स्मृती महाजन घराण्यांनी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ जपली आहे. त्या दानाचे छत ज्यांनी मृगापूर्वी शिडी लावून दरवर्षी मोकळे ठेवले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच: यंदाच्या पावसापूर्वी कोणीतरी वर जाऊन दोन पाख्यांचा सांधा पाहून यावा.